धुराविना जळणारा कोळसा: अँथ्रासाइट असा का वागतो

१८०३ साली पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातून काढलेला काळा, चकचकीत कोळसा होड्यांत भरून फिलाडेल्फियाला आणला गेला. शहराला पाणी चढवणाऱ्या वाफेच्या इंजिनाखाली तो जाळून बघायचं ठरलं. कोळसा पेटेना. उलट भट्टीत होती ती आगही त्याने विझवली. मग उरलेला माल फोडून पायवाटांवर खडीसारखा पसरला, असं त्या वेळच्या हकिगतींत सांगतात. पुढे १८१२ मध्ये जॉर्ज शूमेकर नावाचा माणूस तसाच कोळसा गाड्या भरून त्याच शहरात विकायला घेऊन आला, तर लोकांनी त्याला दगड विकणारा भामटा ठरवलं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जोसाया व्हाइटच्या तारेच्या कारखान्यात कामगार हा कोळसा पेटवायला तासन्‌तास झटत होते. ढोसून झालं, उलथून झालं, वरून हवा मारून झाली. शेवटी वैतागून त्यांनी भट्टीचं दार लावलं आणि घरी निघाले. एक जण विसरलेला कोट घ्यायला परत आला, तेव्हा भट्टीचं दार लालबुंद झालेलं आणि आत कोळसा पांढरा पडेस्तोवर तापलेला. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही, पण तिच्यातलं विज्ञान चोख आहे. दार लागलं म्हणून वरून येणारी थंड हवा थांबली, जाळीखालून येणारी हवा थेट कोळशाच्या थरातून जाऊ लागली आणि ढोसणारे हात लांब गेले. अँथ्रासाइटला नेमकं हेच लागतं.

हा कोळसा असा हट्टी का, याचं उत्तर त्यात काय आहे यात जितकं आहे, त्याहून जास्त त्यात काय उरलेलं नाही यात आहे. लाकूड किंवा साधा दगडी कोळसा पेटतो तेव्हा सुरुवातीला घन पदार्थ जळतच नाही. उष्णतेने त्यातून ज्वालाग्राही वायू आणि डांबराच्या वाफा बाहेर पडतात आणि त्या पेट घेतात. आपण ज्वाळा म्हणून पाहतो ते बहुतेक याच वायूंचं जळणं. अर्धवट जळलेल्या डांबराचा आणि काजळीचा होतो तो धूर. अँथ्रासाइटमधून हे सगळं कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालीच निघून गेलेलं असतं. मागे उरतो तो जवळपास नुसता कार्बन. पेटवायला वायू नाहीत म्हणून तो लवकर धरत नाही, आणि धूर करायला डांबर नाही म्हणून धूरही नाही. त्याचा गुण आणि त्याचा दोष दोन्ही एकाच मुळातून आले आहेत. पुढे जे जे सांगतो आहे, त्यातलं बरंचसं शेवटी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

कोळशाच्या प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी दिसतो. नेहमीच्या तपासणीत चार आकडे काढतात: ओलावा, बाष्पनशील द्रव्य म्हणजे तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग, राख आणि स्थिर कार्बन. कोळसा बारीक दळायचा आणि साधारण एक ग्रॅम पूड तोलून घ्यायची. ती १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळवली की वजनात जी घट येते तो ओलावा. दुसरा नमुना घट्ट झाकणाच्या मुशीत घालून सुमारे ९०० अंशांच्या भट्टीत ७ मिनिटं ठेवतात. झाकणामुळे हवा आत जात नाही, त्यामुळे पूड जळत नाही, फक्त तापते. आत बिट्युमिनस, म्हणजे साधा दगडी कोळसा असेल तर झाकणाच्या कडेने पिवळी ज्योत फुरफुरते आणि मूस थंड करून उघडली की तळाशी फुगलेली, जाळीदार, राखाडी टिकली सापडते. पूड वितळून एकजीव झालेली असते. अँथ्रासाइटच्या मुशीतून ज्योत जेमतेम दिसते आणि उघडल्यावर पूड घातली होती तशीच मोकळी, भुसभुशीत. तिसरा नमुना उघड्या भांड्यात पूर्ण जाळून राख तोलतात. शंभरातून हे तीन आकडे वजा केले की उरतो तो स्थिर कार्बन. म्हणजे कोळशाच्या सौद्यात ज्या आकड्याचा सर्वांत जास्त बोलबाला असतो, तो कुणी थेट मोजलेलाच नसतो, वजाबाकीने आलेला असतो.

अमेरिकेत रूढ असलेल्या वर्गीकरणात ओलावा आणि खनिजं बाजूला काढून हिशेब करतात. त्यानुसार स्थिर कार्बन ९२ ते ९८ टक्के आणि बाष्पनशील भाग २ ते ८ टक्के असेल तर तो अँथ्रासाइट. ८६ ते ९२ टक्क्यांचा अर्ध-अँथ्रासाइट. ९८ च्या पुढे गेला की मेटा-अँथ्रासाइट, जो ग्राफाइटच्या उंबरठ्यावर असतो आणि जाळायला जवळपास निरुपयोगी. बिट्युमिनस कोळशात बाष्पनशील भाग १४ टक्क्यांपासून चाळिशीच्या पुढेही जातो.

‘खनिजं बाजूला काढून’ हे शब्द घाईत वाचू नयेत. अँथ्रासाइट म्हणजे उच्च दर्जाचा कोळसा आणि म्हणून कमी राखेचा, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. राख म्हणजे कोळसा साचत असताना त्यात मिसळलेली माती, गाळ, नंतर भेगांत बसलेली खनिजं. कोळसा किती पिकला याच्याशी तिचा संबंध नाही. एका खाणीतला धुतलेला अँथ्रासाइट ५ टक्के राखेचा असू शकतो, तर दुसरीकडचा न धुतलेला २५ टक्क्यांचा.

दुसरा समज उष्णतेबद्दलचा. सर्व कोळशांत अँथ्रासाइट सर्वांत जास्त उष्णता देतो, असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. त्याचं उष्मांक मूल्य भरपूर आहे यात शंका नाही, किलोला साधारण २६ ते ३३ मेगाज्यूल. पण पहिला क्रमांक बहुधा कमी बाष्पनशील भागाच्या बिट्युमिनस कोळशाचा लागतो. एक किलो शुद्ध कार्बन जळला की सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता मिळते आणि एक किलो हायड्रोजन जळला की सुमारे १४२. कोळसा पिकत जातो तसा आधी ऑक्सिजन जातो आणि उष्मांक वाढतो. अगदी शेवटच्या टप्प्यात हायड्रोजनही जाऊ लागतो आणि उष्मांक थोडा उतरतो. अँथ्रासाइटमध्ये हायड्रोजन २ ते ४ टक्केच राहिलेला असतो.

पिकण्याची ही वाट सगळ्या कोळशांची एकच असते: दलदलीतल्या वनस्पतींचं पीट, मग लिग्नाइट, मग बिट्युमिनस, मग अँथ्रासाइट. पण प्रत्येक कोळसा शेवटपर्यंत जातोच असं नाही. जगातल्या कोळशापैकी जेमतेम एक टक्का अँथ्रासाइट आहे. वय वाढलं की कोळसा आपोआप अँथ्रासाइट होतो असंही नाही. याचा पुरावा पेनसिल्व्हेनियातच आहे. त्या राज्याच्या पश्चिमेला आणि पूर्वेला कार्बोनिफेरस कालखंडातले, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे कोळशाचे थर आहेत. पश्चिमेकडे जमीन फारशी हलली नाही, थर आडवेच राहिले, कोळसा बिट्युमिनसच राहिला. पूर्वेकडे ॲपलाचियन पर्वत उभे राहताना थर दुमडले, खोल गाडले गेले, तापले, आणि तिथे अँथ्रासाइट झाला. साउथ वेल्समध्ये तर एकाच थराचा माग काढत आग्नेयेकडून वायव्येकडे गेलं की तो बिट्युमिनसचा अँथ्रासाइट होत जातो. या सगळ्यात खरं काम तापमान करतं. साधारण दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता आणि भूगर्भाच्या मापाने मोजायचा वेळ. कधी डोंगर न घडताही हे होतं: जवळून लाव्हारसाची भिंत घुसली तर तिच्या लगतचा कोळसा तेवढ्यापुरता अँथ्रासाइट होऊन बसतो.

आतमध्ये काय बदलतं? कार्बनचे अणू षटकोनी जाळ्यांच्या बारीक पापुद्र्यांत बसलेले असतात. कच्च्या कोळशात हे पापुद्रे लहान आणि वाटेल तसे पसरलेले, मधे बाजूच्या साखळ्यांचा गुंता. कोळसा पिकतो तसे ते मोठे होतात आणि एकमेकांवर रचले जाऊ लागतात, पत्त्यांचा विस्कटलेला जोड हळूहळू आवरत आणावा तसे. ग्राफाइटमध्ये जोड पुरता आवरलेला असतो, अँथ्रासाइटमध्ये बराचसा. पापुद्र्यांच्या सांदीत अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात आणि पिकताना सुटलेला मिथेन वायू त्यांत दाबाखाली अडकून बसतो. खाणकामगारांसाठी ही फार वाईट बातमी. अशा थरात बोगदा पुढे नेताना कधी कधी वायू आणि कोळशाचा भुगा एकदम उसळून बाहेर येतो आणि समोरचं सगळं गाडून टाकतो. दुसऱ्या बाजूने, चीनच्या शांशी प्रांतातल्या छिनश्वी खोऱ्यात अँथ्रासाइटच्या थरांत विहिरी पाडून हाच मिथेन इंधन म्हणून उपसतात.

हातात घेतल्यावर अँथ्रासाइट ओळखणं सोपं आहे. साध्या कोळशाने बोटं काळी होतात, याने जवळपास होत नाहीत. चमक धातूकडे झुकणारी. साध्या कोळशाप्रमाणे तो ठराविक पट्ट्यांवर ठिसूळपणे न सुटता काचेसारखा फुटतो. फुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळणदार रेषा उमटतात. भूशास्त्रात याला शंखाभ भंग म्हणतात. मोझ मापावर कठीणपणा तीनच्या आसपास, म्हणजे कोळशांत सर्वांत कणखर. घनता मात्र १.४ ते १.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, साध्या दगडाच्या मानाने बरीच कमी. कणखर आणि तरीही हलका: हे दोन गुण लक्षात ठेवा, पुढे पाण्याच्या गाळणीत ते कामाला येतात.

पूर्वी खाणीतून आलेला अँथ्रासाइट फोडून, चाळून मापानुसार विकायचे. पेनसिल्व्हेनियात त्या मापांना ‘एग’, ‘स्टोव्ह’, ‘चेस्टनट’, ‘पी’, ‘बकव्हीट’, ‘राइस’ अशी नावं होती आणि त्यातली काही अजून चालतात. मापाला एवढं महत्त्व असायचं कारण सरळ आहे: खडे एकसारखे असतील तरच त्यांच्यामधून हवा सारखी जाते, आणि वायू नसलेल्या या कोळशाचं सगळं जळणं त्या हवेवरच अवलंबून असतं. ही चाळणी करणाऱ्या इमारतींत लहान मुलं बाकांवर बसून, पायांखालून घसरत जाणाऱ्या कोळशातून पाटीचे दगड हातांनी वेचत. १९११ मध्ये लुइस हाइनने पिट्स्टन इथे काढलेले त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. फुप्फुसात धूळ जाऊन होणारा न्यूमोकोनिऑसिस कोळसा जितका जास्त पिकलेला तितका जास्त आढळतो, हेही पुढे अभ्यासांतून दिसलं.

आता जाळण्याकडे येऊ. अँथ्रासाइटच्या शेगडीत आधी लाकडाचे निखारे करायचे. त्यावर कोळशाचा पातळ थर द्यायचा, तो धरला की पुढचा. हवा खालून, जाळीतून यायला हवी. लाकडाला चालते तशी वरची हवा इथे घात करते. थर जाड हवा, कारण एकेकटा पडलेला खडा आपल्याआप विझतो. आणि वरून ढोसायचं नाही. लाकडावर हात बसलेला माणूस इथे हमखास चुकतो. वरून सळई घातली की राख वर येते, तापलेल्या भागात वितळून तिचे गठ्ठे होतात आणि हवेची वाट बंद होते. राख झाडायची असेल तर खालची जाळी हलवायची. एवढं पाळलं तर ही आग रात्रभर लक्ष न देता चालते, आणि उष्णता सकाळपर्यंत जवळपास सारखी राहते.

व्यवस्थित पेटलेल्या थरावर आखूड निळ्या ज्योती खेळताना दिसतात. त्या कार्बन मोनॉक्साइडच्या. खालच्या भागात कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या तापलेल्या कार्बनमधून जाताना पुन्हा एक कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड बनतो. वर हवा मिळाली की तो निळा जळतो. हवा मिळाली नाही किंवा थर थंड पडला तर तो न जळताच खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. साध्या कोळशाची शेगडी बिघडली तर धूर डोळ्यांत जाऊन माणूस जागा होतो. अँथ्रासाइटच्या बाबतीत ती सूचनाही मिळत नाही. दक्षिण कोरियात अँथ्रासाइटची पूड दाबून, आरपार भोकं असलेल्या दंडगोल वड्या करत. ‘योन्तान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वड्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली घरं जमिनीखालून उबदार ठेवली आणि जमिनीच्या भेगांतून झिरपलेल्या मोनॉक्साइडने असंख्य माणसं झोपेतच दगावली. ज्याच्या घरात घन इंधनाची शेगडी आहे, त्याच्याकडे मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. अँथ्रासाइट ‘स्वच्छ’ म्हणून विकला जातो, तेव्हा तर नक्कीच.

धूर नसणं ही एके काळी मोठीच गोष्ट होती. अमेरिकन यादवी युद्धात नाकेबंदी चुकवून जाणारी जहाजं मिळेल तिथे अँथ्रासाइट जाळत, कारण क्षितिजावर धुराची रेघ दिसली की पाठलाग सुरू व्हायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅकवाना रेल्वेने जाहिरातीत फीबी स्नो नावाची पांढऱ्या कपड्यांतली एक काल्पनिक तरुणी उभी केली. आमची इंजिनं अँथ्रासाइटवर चालतात, त्यामुळे प्रवासात तिचे कपडे पांढरेच राहतात, असा तो दावा होता. इंजिन बनवणाऱ्यांना मात्र याची किंमत मोजावी लागली. सावकाश जळणाऱ्या कोळशातून पुरेशी वाफ मिळवायची तर अग्निकोष, म्हणजे इंजिनात कोळसा जळतो ती पेटी, फार रुंद हवा. जॉन वूटनने १८७७ च्या सुमारास तसा केला, तेव्हा तो इतका पसरला की चालकाची खोली मागे बसेना, ती बॉयलरच्या मधोमध न्यावी लागली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट विषारी धुकं बसलं आणि हजारो माणसं मेली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धूरबंदीच्या भागांत जे इंधन चालायचं, त्यात वेल्सचा अँथ्रासाइट होता.

पण धूर नाही म्हणजे कार्बन डायऑक्साइड नाही, असं मुळीच नव्हे. हवामानबदलाच्या हिशेबात वापरले जाणारे प्रमाण आकडे असे: एक गिगाज्यूल उष्णतेमागे नैसर्गिक वायूतून सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड, बिट्युमिनस कोळशातून सुमारे ९५ आणि अँथ्रासाइटमधून सुमारे ९८. म्हणजे ज्याच्यामुळे काजळी पडत नाही, तो कोळसा या मापात बिट्युमिनसपेक्षा थोडा वाईटच. इथेही कारण तेच. वायूतली आणि काही प्रमाणात साध्या कोळशातली उष्णता हायड्रोजनच्या जळण्यातून येते आणि त्याचं पाणी होतं. अँथ्रासाइटची जवळपास सगळी उष्णता कार्बनचीच. काजळी, गंधक आणि कार्बन डायऑक्साइड हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ‘स्वच्छ कोळसा’ हा शब्द त्यांची बेमालूम सरमिसळ करतो.

लोखंडाच्या इतिहासात अँथ्रासाइट आला, गाजला आणि मागे पडला. थंड हवेच्या झोतावर तो झोतभट्टीत, म्हणजे खनिजातून लोखंड काढायच्या भट्टीत, चालत नव्हता. जेम्स नीलसनने १८२८ मध्ये हवा आधी तापवून मग भट्टीत सोडायची युक्ती काढली. वेल्समध्ये जॉर्ज क्रेनने ती वापरून १८३७ मध्ये अँथ्रासाइटवर लोखंड काढलं आणि त्याच्याकडे काम केलेल्या डेव्हिड टॉमसने १८४० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कॅटसॉक्वा इथे तशीच भट्टी सुरू केली. नंतरची काही दशकं अमेरिकेतलं बरंच लोखंड असं बनलं. मग कोकने बाजी मारली. कोक हा बिट्युमिनस कोळसा हवेविना भाजून, वितळून, फुगून बनलेला सच्छिद्र पदार्थ. त्या मुशीतल्या जाळीदार टिकलीचंच मोठं रूप. अँथ्रासाइट वितळत नाही, फुगत नाही, म्हणून त्याचा कोक होत नाही. आणि मोठ्या भट्टीत तो तडकून भुगा होतो, वायूची वाट अडवतो. आज पोलाद कारखान्यांत तो दुय्यम पण ठाम जागी आहे: पूड करून झोतभट्टीत फुंकतात, म्हणजे महागडा कोक वाचतो, लोहखनिजाची भुकटी भाजून ढेकळं करताना इंधन म्हणून मिसळतात, आणि इलेक्ट्रिक आर्क भट्टीत वितळलेल्या पोलादात कार्बन कमी पडला तर तो वाढवायला भाजलेला अँथ्रासाइट टाकतात.

न जाळता होणाऱ्या वापरांत मला सर्वांत सुंदर वाटतो तो पाण्याच्या गाळणीतला. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी वरून वाळूच्या थरात सोडतात. गाळ अडकत जातो, काही वेळाने थर तुंबतो, मग खालून उलटं पाणी जोरात सोडून तो धुतात. याला तिथले लोक बॅकवॉश म्हणतात. त्या उलट्या प्रवाहात वाळू तरंगते आणि पाणी बंद केल्यावर पुन्हा बसते. मोठे कण आधी बसतात, बारीक शेवटी. म्हणजे प्रत्येक धुलाईनंतर बारीक वाळू सर्वांत वर येते. नको नेमकं तेच. वरच्या काही सेंटिमीटरमध्येच सगळा गाळ अडकतो, खालची वाळू रिकामीच राहते आणि गाळणी लगेच तुंबते. हवं उलटं: वर भरड थर, जो मोठा गाळ खोलवर सामावून घेईल, आणि खाली बारीक थर, जो उरलासुरला पकडेल. पण वाळूवर भरड वाळू ठेवली तर पहिल्याच बॅकवॉशला ती खाली जाईल.

इथे अँथ्रासाइटचा हलकेपणा कामी येतो. वाळूची घनता २.६५, अँथ्रासाइटची समजा १.६. पाण्यात बुडाल्यावर तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचं वजन दोघांतूनही वजा होतं. वाळूचे उरतात १.६५, अँथ्रासाइटचे फक्त ०.६. त्यामुळे साधारण एक मिलिमीटरचा अँथ्रासाइटचा कण अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या कणापेक्षाही सावकाश खाली बसतो. कितीही वेळा बॅकवॉश द्या, भरड काळा थर आपोआप वरच येतो. सीमेवर दोन्हींची थोडी सरमिसळ होते, ती चालते. शिवाय फोडलेल्या अँथ्रासाइटचे कण कोनदार असल्याने त्यांच्या थरात वाळूपेक्षा जास्त मोकळी जागा राहते आणि गाळ साठायला वाव मिळतो. मग साधा कोळसा का नाही? तो मऊ असतो. कण एकमेकांवर घासून त्याची पूड होईल आणि धुलाईच्या पाण्याबरोबर वाहून जाईल. काही गाळण्यांत वाळूखाली आणखी जड, आणखी बारीक अशा गार्नेट या खनिजाचा तिसरा थरही देतात, तत्त्व तेच.

एक खुलासा करून ठेवतो, कारण घरगुती गाळण्या विकणारे इथे गल्लत करतात. गाळणीतला अँथ्रासाइट म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे. तो पाण्यातला वास, रंग किंवा क्लोरीन शोषून घेत नाही, फक्त गाळ अडवतो. अँथ्रासाइटपासून सक्रिय कार्बन बनवता येतो, पण त्यासाठी त्याला प्रचंड तापमानाला वाफ देऊन आतली छिद्रं उघडावी लागतात. तो वेगळा माल आणि वेगळी किंमत.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात अँथ्रासाइट दिसत नाही, पण तो पायाखाली असतो. ज्या कुंडात वीज सोडून ॲल्युमिनियम वेगळं करतात, त्याचा तळ कार्बनच्या ठोकळ्यांचा असतो आणि तोच ऋण इलेक्ट्रोड. हे ठोकळे बनवायला अनेक दशकं भाजलेला अँथ्रासाइट वापरत आले आहेत. कच्चा अँथ्रासाइट विजेचा वाईट वाहक. म्हणून उभ्या भट्टीत त्याच्याच खांबातून वीज सोडून तो १२०० पासून २००० अंशांच्याही पुढे तापवतात. उरलेसुरले वायू जातात, पापुद्रे आणखी नीट रचले जातात आणि तो वीज वाहू लागतो. अलीकडे ग्राफाइटी ठोकळे वाढले आहेत, कारण त्यांत वीज कमी वाया जाते. अँथ्रासाइटचे मात्र झिजेला जास्त टिकतात. त्याच कुंडातला धन इलेक्ट्रोड अँथ्रासाइटचा करत नाहीत. तो हळूहळू जळून संपतो आणि त्याची राख थेट धातूत उतरेल. तिथे खनिज तेल शुद्ध करताना मिळणारा पेट्रोलियम कोक लागतो.

फेरोॲलॉयच्या, म्हणजे पोलाद बनवताना लागणाऱ्या लोहमिश्रधातूंच्या, भट्ट्यांत सोडरबर्ग पद्धतीचे इलेक्ट्रोड असतात. पोलादी नळकांड्यात वरून भाजलेला अँथ्रासाइट आणि डांबराचा लगदा भरतात. इलेक्ट्रोडचं टोक खाली झिजत जातं, तसा तो खाली सरकवतात आणि भट्टीच्याच उष्णतेने लगदा भाजून कडक होत जातो. इलेक्ट्रोड वापरता वापरताच तयार होत असतो. इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजापासून टायटॅनियमयुक्त मळी काढताना ऑक्सिजन ओढून घ्यायलाही अँथ्रासाइट वापरतात. चीनमधल्या संशोधकांनी तर तो भाजून सोडियम-आयन बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड केला आहे. तिथे गंमत अशी की पापुद्र्यांचा जोड पुरता आवरलेला नको असतो. ग्राफाइटच्या घट्ट रचनेत सोडियमचे आयन नीट शिरत नाहीत, अर्धवट विस्कटलेल्या कार्बनमध्ये शिरतात.

वीज केंद्रांत अँथ्रासाइट जाळणं हा बॉयलर बनवणाऱ्यांसाठी डोकेदुखीचा विषय आहे. नेहमीच्या बॉयलरमध्ये कोळशाची पूड फुंकली की वायूंमुळे ती क्षणात पेटते. अँथ्रासाइटची पूड पेटेपर्यंत भट्टीच्या बाहेर पडायची वेळ येते आणि न जळलेला कार्बन राखेत जातो. उपाय म्हणून पूड अतिशय बारीक दळतात आणि बर्नर वरून खाली तोंड करून बसवतात. ज्योत आधी खाली जाते, मग वळून वर येते. पुडीला जळायला जास्त वेळ मिळतो. भिंतींचा काही भाग उष्णतारोधक विटांनी झाकून तिथलं तापमान मुद्दाम चढं ठेवतात. असा बॉयलर एकदा बांधला की त्यात जास्त वायूचा कोळसा सहज टाकता येत नाही. दळण्याच्या यंत्रातच स्फोट होण्याचा धोका असतो.

युक्रेनला हे २०१४ नंतर अनुभवावं लागलं. देशातली बरीच औष्णिक केंद्रं देशाच्या पूर्वेकडच्या डोनबास भागातल्या अँथ्रासाइटसाठी बांधलेली आणि अँथ्रासाइटच्या खाणी सरकारच्या ताब्याबाहेर गेलेल्या. देशात दुसरा, जास्त वायूचा कोळसा होता, पण या बॉयलरना तो चालत नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइटचं पहिलं जहाज युक्रेनच्या बंदराला लागलं. त्याच काळात झ्मिइव आणि त्रिपिल्या इथल्या केंद्रांतले काही संच बदलून देशातला जास्त वायूचा कोळसा जाळण्याजोगे करण्यात आले.